पार्श्वभूमी : वजन घटवण्याची डिजिटल साधने आणि रुग्णांचे म्हणणे

रोज काय खाल्ले, किती चाललो, वजन किती भरले हे लिहून ठेवायचे आणि पुढच्या भेटीत वही समुपदेशकापुढे ठेवायची, ही लठ्ठपणावरच्या वर्तनोपचाराची, म्हणजे सवयी बदलण्याच्या उपचाराची, रीत १९६०च्या दशकापासूनची. पुढची तीसेक वर्षे साधन म्हणजे वहीच.

त्या वहीवरचा भरवसा डळमळला तो वेगळ्याच रुग्णांमुळे. २००२मध्ये जुनाट वेदनांच्या रुग्णांना दिलेल्या कागदी डायऱ्यांत संशोधकांनी डायरी कधी उघडली ते प्रकाशावरून टिपणारा सेन्सर लपवला होता. रुग्णांच्या लिहिण्यानुसार ९० टक्के नोंदी वेळेवर झाल्या होत्या. सेन्सरच्या हिशेबाने फक्त ११ टक्के. छोट्या यंत्रावर नोंद करणाऱ्यांत हे प्रमाण ९४ टक्के निघाले. वही सोडून यंत्राकडे वळायला हा भक्कम आधार मिळाला. पण यातली गरज तपासणाऱ्याची होती. रुग्णाला काय सोयीचे, हा प्रश्न मागेच राहिला.

त्याच सुमारास इंटरनेटवरून उपचाराचे प्रयोग सुरू झाले होते. २००१मधल्या ९१ जणांच्या चाचणीत नुसती माहितीची वेबसाइट मिळालेल्यांचे वजन सहा महिन्यांत १.६ किलोने उतरले. ईमेलवर समुपदेशकाचा सल्लाही मिळालेल्यांचे ४.१ किलोने. पलीकडे कुणीतरी वाचणारे आहे, याने फरक पडत होता.

खरा वाद पेटला २०१६मध्ये, अमेरिकेतल्या एका चाचणीवरून. तीत १८ ते ३५ वयाचे ४७१ जण होते. पहिले सहा महिने सगळ्यांना सारखाच आहार, व्यायाम आणि गटबैठका. त्यानंतर दोन्ही गटांना फोनवरून समुपदेशन आणि मोबाइलवर संदेश चालूच राहिले. फरक एवढाच की एका गटाने वेबसाइटवर स्वतः नोंदी ठेवायच्या, दुसऱ्याला हालचाल मोजणारा, दंडावर बांधायचा पट्टा मिळाला. दोन वर्षांनी पट्ट्याविना राहिलेल्यांचे वजन सरासरी ५.९ किलोने कमी होते, पट्टेवाल्यांचे ३.५ किलोने. ‘पट्ट्याने वजन कमी होत नाही’ असा सरसकट निष्कर्ष काढला गेला, आणि तो उतावळा होता. पट्टा जुन्या पिढीचा, हा आक्षेप आलाच. त्याहून बोलके आहे ते हे : दीड वर्षाच्या काळात निम्म्या जणांनी पट्टा वापरला तो १७० दिवस किंवा त्याहूनही कमी. बाकीचे दिवस तो का काढून ठेवला, ते वजनकाट्यावर दिसत नाही. ते विचारावेच लागते.

अशी साधने वापरणाऱ्यांना विचारले तेव्हा मुलाखतींमधून रुग्ण बरेच बोलले. आपल्या सवयी डोळ्यांसमोर येतात, हे अनेकांना आवडते. पण प्रत्येक घास नोंदवण्याचा कंटाळा येतो, एक दिवस चुकला की ॲप उघडायचीच लाज वाटते, आणि यंत्राच्या ठरीव शाबासकीपेक्षा ओळखीच्या माणसाचा एक फोन हवासा वाटतो. आपल्याकडे तर एकाच पातेल्यातली आमटी सगळे घर जेवते. फोडणीतले तेल आपल्या वाटीत किती आले, हे ॲपला कोणत्या आकड्यात सांगायचे?

मार्च २०२०मध्ये भारतात दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची नियमावली आली. इंग्लंडमध्ये २०२१ला वजन घटवण्याचा १२ आठवड्यांचा डिजिटल कार्यक्रम सुरू झाला, आणि २०२३मध्ये तज्ज्ञ-उपचारांसाठी, औषधांसकट, चार डिजिटल सेवांना सशर्त मान्यता मिळाली : वापर सुरू करा, पुरावे गोळा होऊ द्या. त्या पुराव्यांत किलोंबरोबर रुग्णांचा अनुभवही मोजला गेला, तरच दंडावरून उतरवलेल्या पट्ट्याचे कारण कळेल.