कोल्हापूर सर्किट बेंच

मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील न्यायपीठ. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील प्रकरणे येथे चालतात. १७ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्याच दिवशी कामकाज सुरू झाले. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात एक द्विसदस्यीय आणि दोन एकसदस्यीय पीठांनी सुरुवात झाली.

त्याआधी या सहा जिल्ह्यांतल्या माणसाला उच्च न्यायालयाची पायरी चढायची तर मुंबई गाठावी लागे. कोल्हापूर ते मुंबई सुमारे पावणेचारशे किलोमीटर. सावंतवाडी त्याहून लांब. जमिनीच्या वादात अपील केलेला शेतकरी रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघे. कागदांची पिशवी उशाशी घेऊन झोपे, सकाळी फोर्टात वकिलाच्या ऑफिसबाहेर बसून राही आणि संध्याकाळी कळे की मॅटर बोर्डावर होतं, पण नंबरच लागला नाही. तीच पिशवी घेऊन परत. पुढची तारीख पडली की पुन्हा तिकीट, पुन्हा बुडालेली मजुरी. कळंब्याच्या कारागृहात असलेल्या मुलाच्या जामिनासाठी धावणाऱ्या आईला तर मुंबईत रात्री टेकायला जागा कुठली, हाच पहिला प्रश्न असे. कोर्ट फी त्या मानाने किरकोळ. खरा खर्च वाटेवरचा होता. खालच्या कोर्टाचा निकाल पटला नाही तरी अनेकजण अपिलाच्या वाटेला जात नसत, ते याचमुळे.

सहा जिल्ह्यांतील वकिलांनी खंडपीठाची मागणी चार दशकांहून अधिक काळ लावून धरली. खंडपीठ कृती समितीने मोर्चे काढले, उपोषणे केली. वकील न्यायालयीन कामापासून अलिप्त राहिले. या अलिप्त राहण्याची झळ पक्षकारांनाही बसली, हे नोंदवलेच पाहिजे. पण मागणी वकिलांच्या सोयीपुरती होती, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. गावोगावच्या लोकांचा तिला पाठिंबा होता.

बोलताना ‘खंडपीठ’ आणि ‘सर्किट बेंच’ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने येतात. राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ मात्र त्यांत फरक करतो. कलम ५१(२) नुसार कायमस्वरूपी खंडपीठ राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थापन होते. कलम ५१(३) नुसार मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेने अन्य ठिकाणी न्यायाधीशांना सुनावणीसाठी बसवू शकतात; हीच सर्किट बेंच. कोल्हापूरचे पीठ या दुसऱ्या तरतुदीखाली, मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे यांच्या काळात आले. औरंगाबादेतही १९८१ मध्ये याच कलमाने सुरुवात झाली होती. तिला आव्हान दिले गेले, सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ती वैध ठरवली आणि १९८४ मध्ये तिथे कायम खंडपीठ झाले. कोल्हापूरकरांची नजर आता त्याच वाटेकडे आहे. त्यासाठी शेंडा पार्क परिसरातील जागाही देऊ केलेली आहे.

अंतराचा प्रश्न सर्वांसाठी सारखा सुटलेला नाही. साताऱ्याहून कोल्हापूर सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, रत्नागिरीकर आंबा घाटाने सकाळी निघून संध्याकाळी घरी परततो. सोलापूरकराला अजून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास आहे; अक्कलकोटकराला त्याहून जास्त. मंडणगडच्या माणसाला तर मुंबईच जवळ पडते. जिल्ह्याच्या सीमेवरून अधिकारक्षेत्र ठरवले की असे होते. ई-फायलिंग आणि दूरदृश्य सुनावणी यांचा आधार अशाच तालुक्यांना सर्वाधिक हवा.

भाषेची भिंतही तशीच उभी आहे. राज्यातल्या खालच्या न्यायालयांचे कामकाज मोठ्या प्रमाणावर मराठीत चालते. उच्च न्यायालयाची भाषा संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजी. सातबारा, फेरफार, पंचनामा, साक्षी अशा मराठी कागदांचे भाषांतर जोडावे लागते, त्याचा खर्च आणि वेळ पक्षकाराच्या माथी येतो. आपल्याच जमिनीबद्दल कोर्टात काय बोलणे झाले, हे त्याला बाहेर आल्यावर वकिलाकडून समजून घ्यावे लागते.

ज्यांना वकील परवडत नाही, त्यांच्यासाठी विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ लागू होतो. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करता येतो. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते.