रस्ट गळत नाही? गळतं की!

हिंजवडीच्या टपरीवर कटिंग घेताना परवा पुन्हा ऐकलं: ‘रस्टमध्ये लिही, मेमरी लीकची कटकटच संपते, प्रोग्रॅम कोसळतही नाही.’ रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा, आणि मेमरी लीक म्हणजे काम संपलेली मेमरी मोकळी न होता अडकून राहणं. २०१५ मध्ये रस्टची १.० आवृत्ती आली, तेव्हापासून ही आवई फिरतेय.

रस्ट अडवतं ते वेगळंच. मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरणं, दोन थ्रेडनी (प्रोग्रॅममधल्या समांतर चालणाऱ्या कामांनी) एकाच डेटावर एकाच वेळी झडप घालणं, हे कंपायलर (कोड तपासून यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) चालू देत नाही. सी++ मध्ये ज्यांनी यापायी रात्री जागवल्या, त्यांना ही केवढी सोय आहे ते मी सांगायला नको. पण लीक त्या यादीत नाहीच. ‘आरसी’ पॉइंटर एखाद्या डेटाला कितीजण धरून आहेत ते मोजतो आणि मोजणी शून्य झाली की मेमरी सोडतो; असे दोन एकमेकांना धरून बसले की मोजणी शून्यावर येत नाही आणि मेमरी अडकते. कंपायलर हूं की चूं करत नाही. उलट, मुद्दाम गळती करणारं ‘बॉक्स लीक’ हे फंक्शन स्टँडर्ड लायब्ररीतच आहे, आणि त्याला ‘अनसेफ’ही (सुरक्षेचे काही नियम सैल करणारा शब्द) लागत नाही!

‘कोसळत नाही’ हेही तसंच. तीन घटकांच्या व्हेक्टरमधला (यादीतला) चौथा मागा, पॅनिक होऊन, म्हणजे चूक दिसताच काम तिथंच थांबून, थ्रेड आडवा. आणि कोसळलं नाही तरी उत्तर बरोबर असेलच असं नाही: नेहमीच्या रिलीज बिल्डमध्ये (वापरासाठी द्यायच्या आवृत्तीत) आठ बिटांच्या २५५ मध्ये, म्हणजे आठ बिटांत मावणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येत, चालता चालता १ मिळवला, तर गुपचूप ० हाती येतो.