कार्डाच्या पोटातलं ३०९ आकडी गुपित

एस्टोनियात प्रत्येक माणसाला ११ आकडी ओळख क्रमांक असतो आणि तो चारचौघांत कळला म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. पहिल्या आकड्यावरून बाई की पुरुष आणि जन्म कुठल्या शतकातला ते समजतं, पुढच्या सहांत जन्मतारीख, मग तीन आकडी क्रम, शेवटचा आकडा पडताळणीचा. आधारची झेरॉक्स देताना आकडे खोडून देणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जरा धाडसाचं वाटेल. पण तिथे क्रमांक म्हणजे नुसतं नाव. गुपित असतं ते ओळखपत्राच्या चिपमध्ये, आणि ते कार्डाच्या मालकालाही ठाऊक नसतं.

हा देश १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून बाहेर पडला. लोकसंख्या जेमतेम १३ लाखांच्या घरात, म्हणजे आपल्या नाशिक शहराहूनही कमी. तिजोरीत खडखडाट, सरकारी यंत्रणा नव्याने उभारायची, आणि विखुरलेल्या वस्तीसाठी गावोगावी कचेऱ्या काढणं परवडणारं नव्हतं. १९९६ पासून त्यांनी शाळाशाळांत संगणक पोचवायला सुरुवात केली. २००० साली कायदा करून डिजिटल सहीला हाताच्या सहीइतकंच वजन दिलं. २००१ मध्ये ‘एक्स-रोड’ आला. प्रत्येक खात्याने आपली माहिती आपल्याकडेच ठेवायची, दुसऱ्याला लागली तर या मार्गाने रीतसर मागायची आणि मागितल्याची नोंद राहायची, अशी ती सोय. कार्ड आलं ते या सगळ्यानंतर, जानेवारी २००२ मध्ये. आधी कायदा, मग मार्ग, मग कार्ड. हा क्रम मला कार्डाहूनही महत्त्वाचा वाटतो, कारण कित्येक देशांनी आधी चिपवाली कार्डं वाटली आणि त्यांचं करायचं काय, याचा विचार सावकाश केला. आपल्याकडच्या चिपवाल्या लायसन्सचंच बघा ना. चौकातला हवालदार बहुतेक वेळा चिप नव्हे, वर छापलेलं वाचतो.

अर्थात एस्टोनियातही लोक लगेच कार्डावर तुटून पडले नाहीत. २००५ च्या स्थानिक निवडणुकीत इंटरनेटवरून मत देण्याची सोय झाली, तेव्हा ती वापरली ९,३१७ जणांनी, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी मतदारांनी. २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं ऑनलाइन पडली.

आता चिपच्या आत डोकावू. समजा, भाडेकरार संगणकावर उघडला आहे आणि त्यावर सही करायची आहे. कार्ड रीडरमध्ये सरकवलं की त्या सोनेरी चौकोनातून चिपला वीज मिळते आणि तिच्यातला छोटासा संगणक जागा होतो. अख्खा करार चिपकडे जातच नाही. त्याचा एक ठरावीक लांबीचा सारांश-आकडा काढला जातो. करारातला एक स्वल्पविराम हलवला तरी हा आकडा पार बदलतो. आपण सहीचा पिन टाकतो (ओळख पटवायचा पिन वेगळा, सहीचा वेगळा), चिप आपल्या गुप्त चावीने त्या आकड्यावर गणित करते आणि उत्तर बाहेर देते. तीच सही. खोलीत कोंडून ठेवलेल्या कारकुनासारखा हा मामला आहे: फटीतून कागद आत सरकवा, शिक्का उमटून परत येईल, शिक्का मात्र कधीच बाहेर यायचा नाही. ‘सही कर’ ही आज्ञा चिपला कळते. ‘चावी दे’ अशी आज्ञाच तिच्यात नाही. तीनदा पिन चुकला की ती गप्प बसते.

ही चावी बनते मूळ संख्यांपासून. ६१ आणि ५३ यांचा गुणाकार ३,२३३, हे शाळकरी पोरही सांगेल. पण नुसते ३,२३३ हातात देऊन ‘कुठल्या दोन मूळ संख्या?’ असं विचारलं तर कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं. चिपमधल्या दोन मूळ संख्या सुमारे ३०९ आकडी असत आणि त्यांचा ६१७ आकडी गुणाकार जगजाहीर, तीच ‘जाहीर चावी’. त्यावरून मूळच्या दोन शोधणं आजच्या संगणकांच्या आवाक्यात नाही, मात्र त्या दोन संख्या खरोखरच आंधळेपणाने निवडलेल्या असायला हव्यात.

घोडं पेंड खातं ते इथे. एवढ्या मोठ्या संख्यांमध्ये सरासरी ७१० मागे एक मूळ संख्या सापडते. सम संख्या वगळल्या तरी साडेतीनशेच्या आसपास संख्या तपासून बघाव्या लागतात, आणि कार्डावरचा प्रोसेसर बिचारा दुबळा. इन्फिनिऑन या जर्मन कंपनीच्या चिपमधल्या प्रोग्रॅमने म्हणून एक जवळची वाट काढली होती. लहान मूळ संख्यांनी भाग जाणारच नाही अशाच संख्या तो एका सूत्राने तयार करी, आणि त्या सूत्रात ६५,५३७ या संख्येचे घात वापरलेले होते.

वेळ वाचला, पण निवड आंधळी राहिली नाही. कशी ते घरी करून बघता येईल. ६५,५३७ ला ११ ने भागलं की बाकी १० उरते. तिचे कितीही घात केले तरी ११ ने भागल्यावर बाकी १० किंवा १, तिसरी कुठलीच नाही; म्हणून या सूत्रातून निघालेल्या चावीचीही बाकी या दोहोंपैकीच. चांगल्या चावीत १ ते १० पैकी कुठलीही बाकी येऊ शकते. ३७ ने भागलं तर आणखी गंमत: ३६ शक्य बाक्यांपैकी फक्त १, १० आणि २६ याच येतात. म्हणजे नुसत्या या दोन भागाकारांत चांगली चावीही योगायोगाने सदोष दिसण्याची शक्यता ६० मध्ये एक. असे आणखी काही भागाकार केले की संशयाला जागाच उरत नाही. आणि हे सगळं जाहीर असलेल्या गुणाकारावरच करता येतं, कार्डाला हातही न लावता.

चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो इथल्या मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांनी हा दोष हेरला आणि ऑगस्ट २०१७ च्या अखेरीस एस्टोनियाला कळवलं. नुसता दोष ओळखता येतो एवढंच नव्हतं, थोड्या मेहनतीने गुप्त संख्याही काढता येत होत्या. त्यांच्या अंदाजाने भाड्याच्या संगणकांवर एक चावी फोडायला वीस ते चाळीस हजार डॉलर पुरले असते. ऑक्टोबर २०१४ नंतरची साडेसात लाखांवर कार्डं यात सापडली होती. या चिपना सुरक्षिततेची आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रं मिळालेली होती, पण आतला प्रोग्रॅम कंपनीचं व्यावसायिक गुपित असल्याने बाहेरच्या गणितज्ञांची नजर त्यावर वर्षानुवर्षं पडली नव्हती. कुलपाची रचना लपवून कुलूप मजबूत होत नाही, हे या क्षेत्रात शंभर वर्षांहून जास्त काळ सांगितलं जातंय आणि दर पिढीत कुणीतरी ते विसरतं.

सरकारने ५ सप्टेंबरला पंतप्रधानांच्या तोंडून ही गोष्ट जाहीर केली. निवडणूक महिन्यावर आली होती, तरी झाकपाक केली नाही, याचं मला कौतुक वाटतं. जाहीर चाव्यांची यादी बंद केली, ऑनलाइन मतदान चालू ठेवलं, आणि ३ नोव्हेंबरच्या मध्यरात्री सदोष कार्डांची डिजिटल प्रमाणपत्रं, म्हणजे कुठली चावी कुणाची हे सांगणारे दाखले, स्थगित केली. सुटका झाली ती त्याच चिपला दुसरंही एक गणित येत होतं म्हणून. मूळ संख्यांऐवजी लंबवर्तुळी वक्रांवर बेतलेली नवी चावी इंटरनेटवरून कार्डात तयार करून घेता आली. सुरुवातीला अद्ययावत करणाऱ्यांची एवढी झुंबड उडाली की डॉक्टर आणि रोज कार्ड लागणारे कर्मचारी यांना आधी जागा द्यावी लागली, कारण तिथे औषधाची चिठ्ठीसुद्धा डिजिटल असते.

आपण वेगळी वाट धरली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले, तेव्हा सोबत चिप नव्हती. ओळख पटवायची तर बोटाचा ठसा किंवा ओटीपी मध्यवर्ती सर्व्हरकडे जातो. शंभर कोटींच्या वर चिपवाली कार्डं छापायचा, बदलायचा खर्च त्यामुळे वाचला, आणि त्या बदल्यात कष्टाने झिजलेल्या बोटांचा आणि रेशन दुकानातल्या रेंजचा प्रश्न गळ्यात पडला.

एस्टोनियात २०१८ मध्ये आणखी एक वाद निघाला. काही कार्डांच्या चाव्या चिपच्या आत न बनवता बाहेर बनवून आत घातल्या, असा आरोप तिथल्या पोलीस खात्याने जुन्या कार्ड-उत्पादकावर केला. ते कोर्टापर्यंत गेलं आणि २०२१ मध्ये तडजोडीने मिटलं. दरम्यान कार्डं दुसऱ्या कंपनीकडून येऊ लागली होती, आणि बरेच लोक सहीसाठी रीडर सोडून फोनवरचं स्मार्ट-आयडी वापरू लागले. त्यात गुप्त चावी एका जागी नसतेच. एक वाटा फोनमध्ये, एक सर्व्हरवर, आणि सही होते ती दोघांनी आपापला हिशेब केल्यावर.