बाळंतपणानंतरचे ४२ दिवस: सरकारी दवाखान्यातली मोफत तपासणी कशी मिळवायची

दवाखान्यातून घरी सोडले की बाळंतपण आटोपले असे घरच्यांना वाटते. आरोग्य खाते मात्र बाळंतिणीला पुढचे ४२ दिवस आपल्या देखरेखीखाली धरते.

पात्रता: जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून सुरू आहे. सरकारी दवाखान्यात प्रसूत होणाऱ्या कोणत्याही बाईला औषधे, तपासण्या, लागल्यास रक्त, मुक्कामातले जेवण आणि घरी सोडणारी गाडी मोफत मिळते. दारिद्र्यरेषेची अट नाही, कितवे मूल हेही विचारात घेत नाहीत. नॉर्मल प्रसूती असली तरी ४८ तास दवाखान्यात थांबा. जीवघेणा रक्तस्राव बहुधा पहिल्याच दिवशी होतो, म्हणून घाई नको.

वेगळा अर्ज करावा लागत नाही. गरोदरपणात नोंदणी झाली तेव्हा मिळालेले माता-बाल संरक्षण कार्ड हाच सगळ्याचा आधार. सोबत डिस्चार्ज कार्ड ठेवा. मातृवंदना योजनेच्या, म्हणजे आईला केंद्र सरकारकडून मिळणाऱ्या रोख मदतीच्या, पैशांसाठी आधार, बँक खाते आणि बाळाची जन्मनोंद लागते. ही नोंद २१ दिवसांत केली तर विनाशुल्क होते.

घरी आल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट देतात. बाळंतीण माहेरी असेल तर इथेच गाडे अडते: सासरच्या आशाताईंना वाटते ती तिकडे आहे, माहेरच्यांना तिची खबरच नसते. डिस्चार्ज मिळताच दोन्हीकडे कळवा आणि माहेरच्या उपकेंद्रात कार्ड दाखवून नाव नोंदवा.

दीड महिन्याला बाळाच्या लसीसाठी सगळे जातात, पण आईकडे कुणाचे लक्ष नसते. त्याच दिवशी तिचा रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि टाके तपासून मागा, हक्काने मागा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या १८० दिवस घ्यायच्या असतात, त्याही तिथेच मिळतात. पाळणा लांबवण्याचा सल्लाही तेव्हाच विचारता येतो. सतत रडू येणे, बाळाजवळ जावेसे न वाटणे हेही नर्सताईंना सांगा. तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत.

पॅड तासाभरात भिजत असेल, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, तीव्र डोकेदुखी, नजर अंधुक होणे, झटके, धाप किंवा एका पायाच्या पोटरीला सूज यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन लावा. कार्ड सापडत नसेल तर तसेच निघा, कागद मागाहून आणता येतात.