गुलाबावरचा केवडा

जुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीवर मे महिन्यात सकाळी साडेनऊनंतर अनवाणी पाऊल ठेवता येत नाही. त्या गच्चीवर मी गुलाब लावला, म्हणजे हौसेला मोल नाही हेच खरं. फेब्रुवारीत आणलेलं लाल फुलाचं कलम. आणलं तेव्हा पानं तेल लावल्यासारखी चकचकीत होती. एप्रिलपर्यंत सगळं झकास चाललं, आणि मग शेंड्याची नवी पानं फिकी यायला लागली. आधी पोपटी, मग लिंबासारखी पिवळी. त्या पिवळ्यावर शिरा मात्र हिरव्यागार, बारीक ब्रशने जाळी काढल्यासारख्या. आणि खालची जुनी पानं ठणठणीत.

उपाय सांगणारे कमी नव्हते. एकाने पाणी वाढवायला सांगितलं, दुसऱ्याने अंड्याची टरफलं, तिसऱ्याने राख. शेजारच्या काकूंचा उपाय मला त्यातल्या त्यात शास्त्रीय वाटला. "लोह कमी पडलंय रे त्याला. चार खिळे टाक कुंडीत." मी सात टाकले.

जूनच्या सुरुवातीला दाजी आले. त्यांची पंढरपूरजवळ द्राक्षबाग आहे, थोडा ऊसही असतो. चहाचा कप घेऊन गच्चीवर आले, कुंडीकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "पाव्हणं, ह्याला केवडा पडलाय की."

उसाची कोवळी पानं अशी पिवळी-पांढरी पडली की आपल्याकडे केवडा पडला म्हणतात. शब्द शेतातला, पण निदान अचूक. काकूंचंही चुकलं नव्हतं म्हणा, झाडाला लोह मिळत नव्हतं हे खरंच होतं. चूक होती ती खिळ्यांत, आणि ती समजून घ्यायला सोलापूरच्या मातीत जरा खोल जावं लागतं.

आधी पानांची भाषा. हरितद्रव्याच्या रेणूत लोह नसतंच, त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं. पण तो रेणू जिथे घडतो तिथे लोहाशिवाय काम पुढे सरकत नाही. लोह कमी पडलं की पान तयार होतं, रंग भरायचा राहतो. आता नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं तर झाड जुन्या पानांतून ते काढून शेंड्याकडे पाठवतं. म्हणून त्या उपासमारीत खालची पानं आधी पिवळी पडतात. लोह तसं नाही. ते एकदा पानात बसलं की सहसा तिथून हलत नाही. जुनी पानं आपापला वाटा धरून बसतात आणि नवीन पिढीच्या हाती काही लागत नाही. वरची पानं पिवळी, खालची हिरवी आणि शिरा ठळक, एवढं दिसलं तर बहुतेक वेळा लोहाचाच प्रश्न असतो.

मग सोलापूरच्या मातीत लोह नाही का? भरपूर आहे. आपली काळी माती ज्या बेसाल्टपासून झाली, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा म्हणून वाहत आला. त्या दगडात लोहाची संयुगं दहा टक्क्यांच्या आसपास असतात. पण त्याच दगडात कॅल्शियमही असतं. महाबळेश्वरला तोच दगड आहे, फक्त पाऊस ५,००० मिलिमीटरहून जास्त. तिथल्या पाण्याने कॅल्शियम केव्हाच धुऊन नेलं, आणि मागे राहिली ती तांबडी, आंबट माती. आपल्याकडे पाऊस ५५० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या पाण्यात कॅल्शियम वाहून जात नाही, ते मातीतच कार्बोनेट होऊन बसतं. शेतात पांढरे खडे दिसतात ना, चुनखडीचे? तेच. ती माती अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट, सामू (पीएच) आठच्या आसपास. गुलाबाला आवडतो तो सहा ते साडेसहा.

दीड-दोन आकड्यांचा फरक वाचायला किरकोळ वाटतो. पण सामू एका अंकाने वाढला की मातीतल्या पाण्यात विरघळणारं फेरिक लोह साधारण हजारपटीने कमी होतं. दोन अंकांनी वाढला तर हिशेब तुम्हीच करा. लोह कुंडीतच असतं, मुळाच्या शेजारी असतं, पण गंजाच्या रूपात कुलूपबंद. अशा कुंडीत खिळा टाकणं म्हणजे कुलूपबंद कोठारात आणखी एक पोतं नेऊन ठेवण्यासारखं. खिळा गंजतो, आणि गंज म्हणजे तेच न विरघळणारं फेरिक ऑक्साइड.

हे नुसतं ऐकून पटेना, म्हणून कुंडीतली चमचाभर माती बशीत घेतली आणि वर अर्धं लिंबू पिळलं. क्षणभर काही नाही. मग मातीच्या कडेने बारीक फेस आला आणि कान जवळ नेला तर सोड्याची बाटली उघडल्यावर येतो तसा चर्र आवाज. आम्लाने कार्बोनेट फोडून कार्बन डायऑक्साइड बाहेर काढला होता. मग मूळ नर्सरीच्या पिशवीला चिकटून राहिलेली तांबडी माती दुसऱ्या बशीत घेतली. तिच्यावर लिंबू पिळलं तर काहीच झालं नाही, माती नुसती ओली झाली. त्या दोन बशांनी सगळी गोष्ट उलगडली. कलम आलं ते तांबड्या मातीच्या गोळ्यासकट. भोवती मी काळी माती भरली. मुळं गोळ्यात होती तोवर झाड हिरवं, गोळ्याबाहेर पडली आणि केवडा सुरू.

झाड काही हातपाय गाळून बसत नाही. गुलाबाची मुळं आम्ल सोडतात, भोवतालचा सामू थोडा खाली आणतात आणि न विरघळणाऱ्या फेरिक लोहाचं विरघळणारं फेरस करून ते आत ओढतात. एरवी हे जमून जातं. पण चुन्याच्या मातीत सोडलेलं आम्ल चुनाच गिळून टाकतो. त्यात पाणी जास्त झालं तर आणखी पंचाईत. काळी माती ओली झाली की फुगते, तिच्यातली हवेची वाट बंद होते. मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड आत कोंडतो आणि चुन्याशी मिळून बायकार्बोनेट तयार करतो. हे बायकार्बोनेट मुळांच्या आम्लाला आणखी बोथट करतं. म्हणजे पान पिवळं दिसलं म्हणून आपण पाणी वाढवतो, आणि त्या पाण्याने पान आणखी पिवळं पडतं. मी दीड महिना हेच करत होतो. टरफलं आणि राखेचंही तेच. टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, राख अल्कधर्मी. कोकणातल्या मातीत त्यांचा उपयोग होईलही, सोलापुरात ते चुन्याच्या घाण्यात चुना ओतणं झालं.

दाजींचा उपाय उसावरचाच होता, हिराकस. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, फिकट हिरवे खडे, कृषी सेवा केंद्रात मिळतात. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम, त्यात अर्धं लिंबू, आणि ऊन कलल्यावर पानांवर दोन्ही बाजूंनी फवारणी. आठ-दहा दिवसांनी पुन्हा, अशा तीन वेळा. मातीत टाकून फायदा नाही, चुना त्याचा लगेच गंज करतो. द्रावण ताजं हवं. हिरवट असेल तोवर ठीक, तांबूस झालं की फेकून द्यावं. (आणि भिंतीपासून लांब फवारावं. आमच्या पांढऱ्या कठड्यावरचे तांबडे डाग अजून गेलेले नाहीत.)

पहिल्या फवारणीनंतर पाचव्या-सहाव्या दिवशी जे दिसलं ते मी आधी रोग समजलो. पिवळ्या पानावर हिरवे ठिपके! मोहरीएवढे, काही जोडून गेलेले. भिंगातून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, जिथे जिथे थेंब सुकला होता तिथे तिथेच पान हिरवं झालं होतं, त्याच्या शेजारी पिवळं ते पिवळंच. लोह हलत नाही, हे इतक्या स्पष्टपणे कुठल्या आकृतीत दिसलं नसतं.

फवारणी हा तात्पुरता इलाज. मुळांसाठी बाजारात चिलेटेड लोह मिळतं. खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून हे नाव आलं. मोठा रेणू लोहाला चिमटीत धरतो, म्हणून चुना त्याला गाठू शकत नाही. गहू-ज्वारीसारखी गवताच्या कुळातली पिकं असे चिमटे स्वतःच मुळांतून सोडतात. गव्हाची पकड चांगली, ज्वारीची त्यामानाने सैल, आणि ऊसही त्याच कुळातला असून चुनखडीच्या रानात केवड्याला बळी पडतो. गुलाबाकडे हे हत्यारच नाही. विकत घेताना पाकिटावरचं नाव मात्र वाचावं. ईडीटीए प्रकारची चिमटी अल्कधर्मी मातीत सुटते, ईडीडीएचए टिकते. दुसरी महाग आहे, पण पहिली मातीत घालण्यात पैसे वाया जातात.

मातीच आंबट करायची म्हटलं तर? हिशेब करून बघा. दहा किलो मातीत ५ टक्के चुना धरला तर तो झाला ५०० ग्रॅम. तो पुरता संपवायला १६० ग्रॅम गंधक लागेल, आणि जिवाणू त्याचं आम्ल करेपर्यंत महिने जातील. त्यापेक्षा कुंडीतली माती बदललेली बरी. मी ऑक्टोबरमध्ये तेच केलं. तांबडी माती, कुजलेलं शेणखत, थोडं कोकोपीट, निचऱ्याला विटांचा चुरा. मुरूम घालणार होतो, पण लिंबू पिळल्यावर तोही फसफसला. वर उसाच्या पाचटाचा तीन बोटं थर. पाचट आपल्याकडे मागितलं तर फुकट मिळतं, आणि उन्हाळ्यात कुंडीचं तोंड झाकायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. कुंडी मातीचीच घ्यावी. माठासारखी पाझरते आणि गार राहते, काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत मे महिन्यात मुळं शिजतात.

पाण्याचं एक राहिलं. बोअरचं पाणी जड, त्यातून बायकार्बोनेट रोज थोडं थोडं येतच राहतं. कुंडीच्या बाहेरून पांढरी खपली धरते ती त्याचीच. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचं वाया जाणारं पाणी झाडांना घालायची आता पद्धत पडली आहे. ते गुलाबाला मुळीच घालू नये, कारण तुमच्या पिण्याच्या पाण्यातून काढलेला सगळा क्षार त्यात असतो. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र जवळजवळ क्षारमुक्त. आमच्या खोलीखालची बादली उन्हाळ्यात रोज भरते. हिराकसही मी त्याच पाण्यात कालवतो.

रोग-किडींचं फार लिहीत नाही. एवढंच, की सोलापूरच्या कोरड्या हवेत पानांवरचे काळे ठिपके कमी छळतात, कारण त्या बुरशीला पान काही तास सलग ओलं लागतं. इथे एप्रिल-मेमध्ये त्रास लाल कोळ्याचा आणि थंडीत भुरीचा, म्हणजे पानांवरच्या पांढऱ्या बुरशीचा. कोळ्यासाठी सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारणं हा निम्मा इलाज.

माती बदलली त्याच आठवड्यात छाटणीही केली. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी म्हटलं की आपल्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गुलाबाचं तत्त्वही तेच. शेंड्यातून ऑक्झिन नावाचं संप्रेरक खाली उतरतं आणि खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवतं. शेंडा गेला की डोळे जागे होतात. बाहेरच्या अंगाला तोंड असलेला डोळा निवडावा आणि त्याच्या पाव इंच वर तिरका काप द्यावा. कापावर बोर्डो पेस्ट लावावी, म्हणजे फांदी शेंड्याकडून काळी पडत मरत येत नाही. ही पेस्ट म्हणजे मोरचूद आणि चुना. सोलापुरात गुलाबाला चुन्याचा झालेला हा एकच उपयोग.

दाजींना मात्र गुलाबाचा हेवा वाटतो. द्राक्षाच्या घडाचं भवितव्य एप्रिल छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यात ठरतं आणि ऑक्टोबरात ते नुसतं बाहेर येतं. उन्हाळ्यात चुकलं की वर्ष गेलं. गुलाबाची कळी नव्या फुटव्यावर नव्याने बनते. म्हणून केव्हाही छाटा, साधारण ४५ ते ५० दिवसांनी फूल. "तुमचं बरं हाय, पाव्हणं," म्हणाले. हीही गुलाबाची मूळ सवय नव्हे. युरोपातले बहुतेक जुने गुलाब वर्षातून एकदाच फुलत. चिनी गुलाबात फुलणं थोपवणारं एक जनुक बिघडलं होतं, आणि ब्रेक गेलेल्या गाडीसारखा तो गुलाब फुलतच राहिला. १८६७ च्या 'ला फ्रान्स'पासून ज्यांना हायब्रिड टी म्हणतात, त्या आपल्या ओळखीच्या मोठ्या गुलाबांत तो बिघाड वारशाने आला आहे.

संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला घरचं फूल हवं म्हणून दोन फांद्या नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा छाटल्या. जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, फुलं आली. गळून पडलेल्या एका फुलाच्या पाकळ्या मी मोजल्या, चौतीस. एप्रिलच्या फुलात एकोणीस होत्या. रानगुलाबाला पाकळ्या पाचच असतात, बाकीच्या म्हणजे पाकळीचं रूप घेतलेले पुंकेसर. थंडीत हे रूपांतर जास्त होतं, म्हणून फूल भरगच्च.

माती बदलताना ते सातही खिळे निघाले होते. तांबडे, फुगलेले, एकाभोवती मुळांचा बारीक जाळीदार वेढा. मी ते डब्यात घालून ठेवले. संक्रांतीला तिळगूळ द्यायला काकू आल्या, त्यांना एक फूल दिलं. उलटसुलट करून पाहिलं, वास घेतला, केसात खोवलं.

"बघ," म्हणाल्या, "खिळ्यांनी केलं की नाही काम?"