कर्जखताच्या मागे पाहण्याचा अधिकार : कर्जवसुली, जादा आकार आणि बेलीफ यांची पार्श्वभूमी

वैयक्तिक कर्जाचे हप्ते थकले की कर्जदाराच्या दारात दोन वेगवेगळ्या प्रकारची माणसे येऊ शकतात. एक न्यायालयाचा बेलीफ, ज्याच्या हातात न्यायाधीशाच्या सहीचे आणि शिक्क्याचे वॉरंट असते. दुसरा वसुली एजंट, ज्याच्याकडे वित्तसंस्थेचे ओळखपत्र आणि थकबाकीची यादी यापलीकडे काही नसते. घाबरलेल्या कुटुंबाला हा फरक बहुधा सांगितला जात नाही, आणि पुष्कळदा तो मुद्दाम पुसट ठेवला जातो. हा फरक कसा निर्माण झाला, बेलीफाच्या हातावर मर्यादा कोणी घातल्या आणि व्याजाच्या जोडीला लावल्या जाणाऱ्या आकारांची तपासणी करण्याचा अधिकार न्यायालयांना कधी मिळाला व कधी काढून घेतला गेला, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

व्याजाला मर्यादा हवी, हा विचार भारतात फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शंभर पणांवर (पण हे तेव्हाचे नाणे) दरमहा सव्वा पण हे धर्म्य व्याज मानले आहे, म्हणजे वर्षाला १५ टक्के. व्यापार, अरण्यमार्ग आणि समुद्रप्रवास यांतील जोखमीसाठी मात्र चढे दर मान्य केले आहेत. मनुस्मृतीने एकरकमी घेतले जाणारे व्याज मुद्दलासह दुपटीपुढे जाऊ नये असे सांगितले, आणि त्यातूनच दामदुप्पटीचा नियम रूढ झाला: सावकाराला एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज मागता येत नाही. ब्रिटिश काळातही मुंबई इलाख्यातील न्यायालये हा नियम हिंदू ऋणकोंच्या बाबतीत लागू करीत राहिली. मात्र दावा दाखल झाल्यानंतरच्या व्याजाला तो लागत नसे, त्यामुळे त्याचे संरक्षण कोर्टाच्या पायरीपर्यंतच पुरत असे.

वसुलीची पद्धत मात्र सौम्य नव्हती. पेशवाई संपल्यानंतर ब्रिटिश अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात तगाद्याचे वर्णन आहे. साध्या विनवणीपासून सुरुवात होऊन दारावर पहारा बसवणे, ऋणकोला जेवू न देणे, डोक्यावर जड दगड ठेवून भर उन्हात एका पायावर उभे करणे, इथपर्यंत त्याची मजल जाई, आणि सरकार बहुधा त्यात पडत नसे. जुन्या व्यवस्थेकडे हळवेपणाने पाहणाऱ्यांनी हे वर्णन विसरू नये. पण तिच्यात एक अटकाव होता: सावकार गावातच राहत असे, त्याला गावाची गरज असे, आणि कुणब्याची जमीन कायमची काढून घेण्याचे साधन त्याच्याजवळ सहसा नसे.

ते साधन दिवाणी न्यायालयांनी दिले. १८५५ मध्ये व्याजावर मर्यादा घालणारे जुने कायदे रद्द झाले. १८५९ मध्ये दिवाणी प्रक्रियेची संहिता आली आणि त्याच वर्षी मुदतीचा कायदाही आला. साध्या खतावरचा, म्हणजे कर्जाच्या लेखी कागदावरचा, दावा तीन वर्षांत करावा, ही त्यातील तरतूद ऋणकोच्या हिताची म्हणून केलेली होती. जुनी, विस्मरणात गेलेली देणी उकरून काढली जाऊ नयेत हा तिचा हेतू. प्रत्यक्षात सावकार मुदत संपण्याआधी ऋणकोला बोलावून नवे खत लिहून घेऊ लागला आणि साचलेले व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून दाखवू लागला. तीन वर्षांनी पुन्हा तेच. न वाचता अंगठा उठवलेल्या कागदावर किती रक्कम प्रत्यक्ष हातात पडली आणि किती व्याजाचे व्याज आहे, हे शोधायला मार्ग उरत नसे, आणि न्यायालय कागदावरचा आकडा खरा मानून हुकूमनामा, म्हणजे वसुलीचा निकाल, देत असे. समन्स पोचले नाही, किंवा पोचूनही ऋणको भीतीने आला नाही, तर हुकूमनामा एकतर्फी होई. मग बैल, भांडी, घर आणि जमीन यांवर जप्ती येई.

त्यात अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, कापसाला आलेला भाव युद्ध संपताच कोसळला, उसनवारी आटली आणि फेरपाहणीत कित्येक तालुक्यांचा शेतसारा वाढवला गेला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात सुपे येथे लोक उठले आणि तेथून हा उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. लोकांनी सावकारांकडून खते मागून घेतली आणि जाळली. जिथे कागद मुकाट्याने मिळाले तिथे माणसांना फारसा धक्का लागला नाही. या एका गोष्टीचे महत्त्व मला सर्वांत अधिक वाटते. आपल्यावरचा अन्याय कोठे साठवलेला आहे, याची त्या शेतकऱ्यांना असलेली जाण पुढच्या कित्येक कायदेपंडितांपेक्षा नेमकी होती.

चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या अहवालानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला आणि तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू करण्यात आला. त्याचा गाभा असा की, ऋणकोने खत कबूल केले तरीही न्यायालयाने केवळ त्यावर थांबू नये. व्यवहार पहिल्या दिवसापासून कसा वाढत गेला ते तपासावे, मुद्दल आणि व्याज यांचे हिशेब वेगळे मांडावेत आणि मग खरे देणे ठरवावे. हप्ते बांधून देण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. स्पष्टपणे गहाण न ठेवलेली जमीन जप्तीतून वगळली गेली. दिलेल्या पैशाची पावती, वर्षाचा हिशेब आणि मागणी केल्यास पासबुक मिळण्याचा हक्क शेतकऱ्याला देण्यात आला. आज कर्जखात्याचा उतारा मागताना आपण जो हक्क बजावतो, त्याचे हे एक जुने रूप आहे. या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या विशेष न्यायाधीशांमध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हेही होते.

सावकारांनी पळवाट शोधलीच. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायचे आणि पैसे फेडल्यावर जमीन परत देऊ असा तोंडी शब्द द्यायचा, ही रीत वाढली, कारण विक्रीच्या कागदामागे जाण्याचा अधिकार न्यायालयाला नव्हता. १९०७ मध्ये दुरुस्ती करून तोही दिला गेला, म्हणजे व्यवहार दिसायला विक्रीचा असला तरी मुळात तो कर्जाचा होता हे सिद्ध करण्यासाठी तोंडी पुरावा देता येऊ लागला. दरम्यान १८९९ मध्ये भारतीय करार कायद्यात दोन महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या होत्या. गावच्या सावकाराच्या आधीच कर्जात असलेल्या माणसाने उघडउघड जाचक अटींवर नवे कर्ज घेतले, तर त्यात गैरवाजवी दबाव नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर राहील, असे उदाहरणच कायद्यात घालण्यात आले. तसेच हप्ता चुकल्याच्या तारखेपासून वाढीव व्याज लावण्याची अट दंडाच्या स्वरूपाची ठरू शकते, असे कलम ७४ मध्ये स्पष्ट झाले. आणि अट दंडाची असेल तर न्यायालय वाजवी तेवढीच रक्कम मंजूर करते. विलंब आकाराविरुद्धचे आजचे बरेचसे युक्तिवाद याच कलमावर उभे असतात.

बेलीफाच्या मर्यादा मुख्यतः १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत सापडतात, आणि त्या आजही लागू आहेत. वॉरंटावर तारीख, सही, शिक्का आणि ते कोणत्या दिवसापर्यंत बजावायचे याची नोंद असावी लागते. कलम ६२ प्रमाणे जंगम मालमत्तेच्या जप्तीसाठी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरता येत नाही. घर ऋणकोच्याच ताब्यात असून तो आत येऊ देण्यास नकार देत असेल तेव्हाच बाहेरचा दरवाजा तोडता येतो. कलम ६० ने अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची अवजारे, तसेच चरितार्थासाठी लागणारी जनावरे व बियाणे जप्तीतून वगळले. धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून काढता येत नाहीत असे दागिने जप्त करता येत नाहीत. मजुरांचे आणि घरकामगारांचे वेतन पूर्णपणे सुरक्षित आहे. पगारदाराच्या बाबतीत, पोटगी वगळता इतर हुकूमनाम्यांसाठी, पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग सुटतो, आणि एकूण चोवीस महिने जप्ती चालल्यावर त्याच हुकूमनाम्यासाठी तो पगार पुन्हा जप्त करता येत नाही. हजाराचा आकडा १९९९ च्या दुरुस्तीतला आहे. तो आज हास्यास्पद वाटावा इतका लहान झाला आहे आणि तो वाढवला न जाणे ही माझ्या मते सरळसरळ हेळसांड आहे.

कर्जासाठी कैद हा प्रकार या संहितेने पूर्ण बंद केला नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही, एवढे तिने ठरवले. १९३६ च्या दुरुस्तीने कलम ५१ मध्ये अट घातली की ऋणको लबाडीने मालमत्ता दडवत आहे, पळून जाण्याच्या तयारीत आहे किंवा ऐपत असून देत नाही, अशी न्यायालयाची खात्री झाल्याशिवाय त्याला तुरुंगात पाठवू नये. १९८० मध्ये कोचीन बँकेच्या एका प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे तत्त्व राज्यघटनेच्या कलम २१ शी, म्हणजे जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काशी, जोडले: निव्वळ गरिबीमुळे देणे चुकणे हा कैदेचा आधार होऊ शकत नाही. फोनवरून अटकेची धमकी देणाऱ्या एजंटाला हे माहीत नसते असे मानणे कठीण आहे.

खासगी सावकारीवर पुढे नियंत्रण वाढत गेले. १९१८ च्या जाचक कर्जांच्या कायद्याने व्याज अवाजवी आणि व्यवहार मुळातच अन्यायाचा असेल तर तो पुन्हा उघडून पाहण्याची मुभा न्यायालयांना दिली. मुंबई प्रांताचा १९४६ चा सावकारी कायदा परवाना सक्तीचा करणारा होता. त्याची जागा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने घेतली असून त्यात चक्रवाढ व्याजाला मनाई आहे, मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही, आणि अवैध सावकारीतून गेल्या पंधरा वर्षांत बळकावलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा निबंधकाकडे दाद मागता येते. १९०७ च्या दुरुस्तीमागचा अनुभव येथे पुन्हा कामी आलेला दिसतो.

मात्र आजचा बहुतेक नोकरदार कर्जदार सावकाराचा ऋणको नाही. तो बँकेचा किंवा बँकेतर वित्तीय कंपनीचा ग्राहक आहे, आणि त्याच्यासाठी वाट नेमकी उलट दिशेने वळली. १९८४ मध्ये बँकिंग नियमन कायद्यात कलम २१ अ घालण्यात आले. त्यानुसार बँकेने लावलेले व्याज जास्त आहे, एवढ्याच कारणावरून कोणत्याही न्यायालयाला तो व्यवहार पुन्हा उघडता येत नाही. राष्ट्रीयीकरणानंतर दर रिझर्व्ह बँकच ठरवत होती, त्या काळात या तरतुदीला काही अर्थ होता. ऑक्टोबर १९९४ मध्ये दोन लाखांवरील कर्जांचे दर मुक्त झाले, तरी कलम तसेच राहिले. बँकेतर कंपन्यांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ठरवले की रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत. म्हणजे १८७९ मध्ये चार जिल्ह्यांतील शेतकऱ्याला कागदामागे पाहणारे न्यायालय मिळाले होते, पण शंभर वर्षांनंतर बँकेच्या कर्जदारापुढे तो दरवाजा जवळजवळ बंद झाला. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांचा भंग करून व्याज लावले असेल तर दाद मागता येते, एवढी फट न्यायालयांनी उघडी ठेवली. त्यामुळेच रिझर्व्ह बँकेची कोरडी वाटणारी परिपत्रके सामान्य कर्जदाराच्या दृष्टीने इतकी मोलाची झाली आहेत.

ती परिपत्रके बहुधा कटू अनुभवांनंतर आली. ग्राहककर्जे वाढली तशी वसुली बाहेरच्या एजन्सींकडे गेली, आणि २००७ मध्ये वाहनकर्जाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला वसुलीसाठी गुंड वापरण्याच्या प्रथेवर कठोर शब्दांत ताशेरे ओढावे लागले. एप्रिल २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने वसुली एजंटांबाबत बँकांना सविस्तर सूचना दिल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करण्यास, तसेच कर्जदाराच्या नातेवाइकांना व मित्रांना त्रास देण्यास मनाई झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मोबाइल अॅपवरून दिल्या जाणाऱ्या कर्जांसाठी नियम आले, कारण काही अॅप फोनमधील संपर्कयादी उचलून माणसाची बदनामी करीत होती. एल्फिन्स्टन यांनी वर्णिलेल्या तगाद्याशी याचे नाते उघड आहे: दोन्हींत वसुलीचे साधन लाज हेच आहे.

आकारांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००१ मध्येच सांगितले होते की दंडव्याज मुद्दलात मिळवता येणार नाही. तरीही ही प्रथा सुटली नाही. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने हप्ता चुकल्याचा दंड व्याजदरात भर घालून वसूल करणे बंद केले. तो वेगळा, वाजवी आकार असावा आणि त्यावर पुन्हा व्याज चढू नये असे ठरवले. नव्या कर्जांना ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. क्रेडिट कार्डे मात्र त्यातून वगळलेली आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांबरोबर मुख्य माहितीपत्रक देणे बंधनकारक झाले. त्यात सर्व शुल्के धरून येणारा वार्षिक दर छापावा लागतो, आणि त्यात न दाखवलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही.

फेडणे खरोखरच अशक्य झालेल्या माणसासाठी २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेच्या तिसऱ्या भागात कर्जमुक्तीची नवी, मुदतबद्ध पद्धत लिहून ठेवलेली आहे. परंतु कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरताच हा भाग डिसेंबर २०१९ पासून अमलात आला. इतर व्यक्तींसाठी मुंबईत १९०९ चा आणि उर्वरित महाराष्ट्रात १९२० चा नादारी कायदाच चालू असून, १९२० च्या कायद्याखाली अर्ज करण्यासाठी लागणारी किमान कर्जाची रक्कम अजूनही ५०० रुपये आहे.