ज्येष्ठांसाठीचा मोबाइल : वजाबाकीपासून सोबत बसण्यापर्यंत

2004 साली जपानमधल्या तू-का या कंपनीने पडदाच नसलेला मोबाइल विकायला काढला. त्यात नंबरांची यादी नव्हती, संदेश नव्हते. आकडे दाबायचे, बोलायचे, ठेवून द्यायचे. घरातल्या जुन्या फोनवर आयुष्य गेलेल्या माणसाला नव्याने शिकावे असे त्यात काही उरलेच नव्हते. पण पडदा नाही म्हटल्यावर कोणाचा फोन आलाय हे उचलण्याआधी कळायचा मार्ग नाही, आणि नंबर एक तर पाठ हवेत किंवा कागदावर लिहिलेले. फोनमधून काढलेले ओझे जाऊन पडले ते स्मरणशक्तीवर.

ज्येष्ठांसाठीच्या फोनचा सुरुवातीचा इतिहास बराचसा असाच वजाबाकीचा आहे. स्वीडनच्या डोरोने 2007 च्या सुमारास मोठ्या, उठावदार बटणांचे फोन आणले, आणि ‘म्हाताऱ्यांचा फोन’ दुरूनही ओळखू येऊ लागला. नेमके हेच अनेकांना नकोसे झाले. वापरायला सोपी असली, तरी वयाची पाटी गळ्यात घालणारी वस्तू माणूस टाळतोच.

त्याच काळात काहींनी मात्र कमी करण्याऐवजी भर घातली. हातात धरायच्या मोबाइलवरून 3 एप्रिल 1973 रोजी पहिला कॉल करणारे मार्टिन कूपर आणि त्यांच्या पत्नी आर्लीन हॅरिस यांच्या ग्रेटकॉल कंपनीचा ‘जिटरबग’ 2006 मध्ये आला. तो उघडला की कानाला डायल टोन ऐकू यायचा. मोबाइलला डायल टोनची तांत्रिक गरज नसते. पण ‘लाइन चालू आहे, आता नंबर लावा’ ही खूण ज्यांच्या कानात चाळीस वर्षे बसली होती, त्यांच्यासाठी तिचे मोल फार मोठे होते. जपानच्या डोकोमो या मोबाइल कंपनीची ‘राकुराकु’ ही फोनमालिका तर 1999 पासूनची. जवळच्या तीन माणसांसाठी 1, 2, 3 अशी वेगळी बटणे आणि समोरच्याचे बोलणे थोडे संथ करून ऐकवण्याची सोय ही तिची ओळख बनली. आवाज वाढवून न सुटणारी अडचण त्या सोयीने हेरली होती. उतारवयात पुष्कळदा आवाज पोहोचतो, पण भरभर आलेले शब्द सुटे होत नाहीत.

असे बारकावे येतात कुठून? एक वाट होती नकलेची. पॅट्रिशिया मूर या औद्योगिक डिझायनरने 1979 ते 1982 या काळात वृद्धेचा वेश घेतला. नजर धूसर करणारा चष्मा लावून, कानात बोळे घालून, सांधे बांधून ती अमेरिका आणि कॅनडाच्या शहरांत वावरली. तेव्हा तिचे वय होते 26. या प्रयोगाने डिझायनरांचे डोळे उघडले, पण नकलेतून शरीर समजते, सवयी समजत नाहीत. दुसरी वाट नॉर्वेतून निघाली. 1970 च्या दशकात संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टन नीगार्ड यांनी धातुकामगारांच्या संघटनेबरोबर काम करून, यंत्रणा ज्यांना वापरायची आहे त्यांनी ती ठरवण्यात भाग घ्यावा, हा विचार रुजवला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘प्रेझेन्स’ या युरोपीय संशोधन प्रकल्पात बिल गेव्हर आणि सहकाऱ्यांनी ऑस्लो, अ‍ॅमस्टरडॅममधले बाइल्मर आणि इटलीतले पेचोली इथल्या ज्येष्ठांना पोस्टकार्डे, नकाशे आणि एकदा वापरून टाकायचे कॅमेरे दिले. प्रश्नावली नाही, आपापल्या वेळेने, आपापल्या घरातून उत्तरे यावीत, एवढीच अपेक्षा. स्कॉटलंडमध्ये डंडी विद्यापीठात अ‍ॅलन न्यूवेल यांच्या गटाने तर नाटकाचा आधार घेतला. तंत्रज्ञानापुढे अडलेले पात्र रंगमंचावर असले की ज्येष्ठ प्रेक्षक मोकळेपणाने बोलतात, कारण चूक त्यांची नसते.

शरीराचे आकडे याच्या जोडीला हवेतच. वयानुसार डोळ्याची बाहुली आकसते, भिंग जाड आणि पिवळसर होते, त्यामुळे साठीतल्या दृष्टिपटलावर विशीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. फिकट करड्या अक्षरांचा पडदा त्यामुळेच वाचता येत नाही. वेबसाठीच्या सुगम्यता-नियमांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे किमान गुणोत्तर 4.5:1 आहे. सामान्य नजरेसाठी 3:1 धरून, ऐंशीच्या आसपास सर्रास आढळणाऱ्या 20/40 नजरेसाठी (सामान्य नजरेला 40 फुटांवरून दिसते ते 20 फुटांवरूनच दिसणे) ते दीडपट केलेले आहे. कानाची गोष्ट वेगळी. उंच पट्टीचे आवाज आधी जातात, म्हणून किणकिणती रिंगटोन शेजाऱ्याला ऐकू येते, फोनवाल्याला नाही. श्रवणयंत्रात जीएसएम या जुन्या मोबाइल पद्धतीचा फोन गुणगुणायचा, कारण तो सेकंदाला सुमारे 217 वेळा थांबत-थांबत लहरी सोडतो आणि ती चालू-बंद कंपनेच यंत्र ध्वनी म्हणून उचलते.

2007 नंतर टचस्क्रीनचे फोन सर्रास झाले आणि बटणांवर मिळवलेले बरेचसे ज्ञान नव्याने मिळवावे लागले. हा पडदा दाब मोजत नाही, बोटाची विद्युत-वाहकता ओळखतो. कोरड्या त्वचेचा स्पर्श त्याला क्षीण वाटतो. प्रतिसाद नाही म्हणून माणूस जुन्या सवयीने जोरात आणि जास्त वेळ दाबतो. फोन त्याचा अर्थ ‘लांब दाब’ असा घेतो आणि भलताच मेन्यू उघडतो. थरथरत्या हाताचा एक स्पर्श दोनदा मोजला जातो किंवा सरकवल्यासारखा वाचला जातो. 2012 च्या राकुराकु स्मार्टफोनने यावर नेमके उत्तर दिले: बोट टेकले की चिन्हाचा रंग बदलतो, दाबले की कंपन जाणवते, आणि तेव्हाच काम होते. ‘स्पर्श’ आणि ‘दाब’ पुन्हा वेगळे झाले. 2015 मध्ये आयफोनमध्येही स्पर्श किती वेळ टिकला तर मोजायचा आणि लागोपाठचे स्पर्श कसे वगळायचे, याची सेटिंग आली. फक्त ती शोधायची कशी, हा प्रश्न उरला.

खोक्यातून निघालेला फोन सुरू करणे, हा टप्पा तर बहुतेकांनी विचारातच घेतला नव्हता. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधल्या हेलन हॅमलिन केंद्रात व्हायटामिन्स या डिझाइन-गटाने सॅमसंगसाठी माहितीपुस्तिकेचे खरोखरीचे पुस्तक केले. पान उलटले की सिमकार्ड, पुढे बॅटरी, मग झाकण, असे सुटे भाग हाताला लागतील त्याच क्रमाने मिळत. दुसऱ्या पुस्तकात फोनच बसवायचा, आणि पानांवरचे बाण थेट त्याच्या बटणांकडे रोखलेले.

असे अडथळे कळायला ज्येष्ठांसोबतच बसावे लागते. अशी बैठक घ्यायची तर ओळखीची दोन-तीन माणसे एकत्र बोलवावीत आणि तासाभरात आवरावे, थकवा आला की उत्तरे बिघडतात. ‘आवडले का?’ विचारल्यास भिडेपोटी ‘छान आहे’ येते. त्याऐवजी पुठ्ठ्याचे दोन वेगळे नमुने हातात देऊन एक निवडायला सांगावे. ‘माझेच चुकले’ हे वाक्य कानावर आले, की पडद्यावर त्या वेळी काय होते ते लगेच टिपून ठेवावे. बैठकीला येऊ शकतात ते तुलनेने धडधाकट असतात; घराबाहेर न पडणाऱ्यांकडे जावेच लागते. आणि आठवड्याने तेच काम, आठवण करून न देता, पुन्हा करायला द्यावे. त्या वेळी बोट ज्या पडद्यावर घुटमळते, तो पडदा बदलायचा.